तीस अंशांचे कपाट

निलोफर जेवणाच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत आली तेव्हा तिच्या औषधांच्या कपाटात पाण्याची एक बाटली ठेवलेली होती. बाटलीला ओले फडके गुंडाळले होते आणि फडक्याचे पाणी खालच्या फळीवर ओळीने मांडलेल्या मलमाच्या ट्यूबांवर ठिबकत होते.

हे कपाट फ्रीजसारखे दिसे, पण फ्रीज नव्हते. त्याच्या आत बारा महिने तीस अंश तापमान आणि ठरावीक ओलावा असे. औषध किती काळ टिकते हे पाहण्यासाठी संशोधक आपले नमुने त्यात ठेवत आणि मधूनमधून बाहेर काढून तपासत. निलोफर पीएच.डी.साठी निर्गुडीचे सांधेदुखीवरचे मलम करत होती. तिच्या ट्यूबा डिसेंबरात आत गेल्या होत्या. सहा महिने त्यांनी आत सुखाने नांदायचे, पाणी सोडायचे नाही, रंग बदलायचा नाही, की प्रबंध पुरा झाला. कपाटाला जोडलेले एक यंत्र आतल्या तापमानाचा आलेख अखंड काढत असे, आणि तो आलेख बिघडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार होते. त्यात प्राचार्यांचा विजेबाबतचा आदेश असा होता की, कुणाचा तरी अभ्यास चालू असेल तोवरच कपाट चालवावे. या घडीला तो अभ्यास एकट्या निलोफरचा होता.

पुन्हा पहिल्यापासून करायला तिच्याकडे वेळ नव्हता. शिष्यवृत्ती संपली होती. दिग्रसला नवे फार्मसी कॉलेज निघाले होते, जूनमध्ये तिथे मुलाखती होत्या, आणि प्रबंध सादर केल्याची पावती दाखवल्याशिवाय तिथे कुणी दारात उभे करणार नव्हते. दिग्रसला तिची आई हजराबी एकटी राहत होती. वडील गेले, धाकटा साद नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि घरात हजराबीशी बोलायला टीव्ही तेवढा उरला. रोज संध्याकाळी तिचा फोन येई.

"झालं का बेटा तुझं?"

"होऊन राह्यलं, अम्मी."

"कालबी होऊनच राह्यलं होतं."

निलोफरला घरी जायचे होते. यवतमाळात राहून तिला आता संशोधनाचा नव्हे, खोलीवरच्या एकटीच्या स्वयंपाकाचा कंटाळा आला होता, आणि हे ती मोकळेपणी सांगायचीही. मे महिना सुरळीत गेला की ती सुटणार होती.

पण मे महिना यवतमाळचा होता. डिसेंबरात त्या कपाटाकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते, कारण तेव्हा तीस अंश म्हणजे उकाडा. आता पारा चव्वेचाळीसच्या वर गेला. विभागातला फ्रीज एप्रिलमध्येच विजेच्या झटक्याने जळाला, नव्याचा प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. कूलर होते, पण कूलरला पाणी लागते आणि पाणी टँकरने येत होते. शेजारी चाळीस अंशांचेही एक कपाट होते, औषधे मुद्दाम तापवून पाहण्यासाठी; त्याला या दिवसांत काही कामच नव्हते, कारण खोली त्याच्याहून तापलेली असे. अशा परिस्थितीत तीस अंशांचे कपाट ही विभागातली एकमेव थंड जागा आहे, हा शोध शिपाई बाबुलालने लावला. त्या वर्षात विभागाने लावलेला तो पहिलाच शोध होता.

"बाबुलालभाऊ, हे काहून ठेवलं इथं?" निलोफरने बाटली पुढे धरली.

"पानी हाय फक्त, मॅडम. पान्यानं का व्हते?"

"दरवाजा उघडला की आतलं तापमान वाढते. आलेखावर दिसते ते."

"मंग दिसू द्या ना. आलेखाले कुठं पानी प्याचं हाय, मले प्याचं हाय."

निलोफरने बाटली परत दिली, ट्यूबा पुसल्या आणि त्याच दुपारी कपाटावर एक सूचना चिकटवली: 'आत संशोधनाचे नमुने आहेत. औषधांव्यतिरिक्त काहीही ठेवू नये.' पहिल्या वाक्यावर थांबली असती तर पुढचे काही घडले नसते.

दुसऱ्या दिवशी वनस्पती-औषधे शिकवणाऱ्या सुरभी मॅडम इन्सुलिनची कुपी घेऊन आल्या. त्यांचे सासरे मधुमेही होते, मॅडम कॉलेजमधून परस्पर त्यांच्याकडे जात, आणि कुपी दिवसभर पर्समध्ये तापत असे.

"औषधच आहे," मॅडम सूचनेकडे बोट दाखवत म्हणाल्या.

वापरात असलेली कुपी तीस अंशांपर्यंत चालते हे निलोफरला पाठ होते. चव्वेचाळीसमध्ये ती बिघडते हेही तिला ठाऊक होते. म्हाताऱ्या माणसाच्या इन्सुलिनला नाही कसे म्हणायचे? तिने कुपी आत ठेवली. बाबुलाल दारात उभा राहून हे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी तो स्टीलच्या डब्यात ताक घेऊन आला.

"उन्ह लागू नये म्हनून घेतो मी हे. आता तुम्हीच सांगा, औषध हाय का नाई?"

निलोफरने त्याला विभागप्रमुख इंगोले सरांकडे नेले. इंगोले सर तिचे मार्गदर्शकही होते. अत्यंत सज्जन माणूस, पण कोणत्याही प्रश्नाची व्याख्या सापडल्याशिवाय त्यांनी आयुष्यात निर्णय घेतला नव्हता. त्यांनी कायद्याचे पुस्तक काढले, चष्मा पुसला आणि वाचले की, माणसाच्या अथवा जनावराच्या रोगाचे निदान, उपचार, शमन किंवा प्रतिबंध यांसाठी वापरला जाणारा कोणताही पदार्थ म्हणजे औषध.

"उष्माघात हा रोग आहे का?" सरांनी विचारले.

"आहे, सर," निलोफर म्हणाली.

"ताकाने त्याला प्रतिबंध होतो असं हा म्हणतो. तू हे खोडून काढणारा एखादा निबंध दाखवू शकतेस?"

तिच्याकडे असा निबंध नव्हता.

"मग ठेवू दे त्याला. मात्र शिस्त हवी," सर म्हणाले. "लेबल लावल्याशिवाय आत काही जाणार नाही. नाव, बॅच क्रमांक, निर्मिती, मुदत, गुणधर्म. आपण औषधनिर्माणशास्त्राची माणसं आहोत."

शिस्तीमुळे गोष्टी आटोक्यात येतात असा सरांचा समज होता. विभागात उलटे झाले. लेबल लावले की वस्तूला प्रतिष्ठा येई आणि मग तिला अडवता येत नसे. 'ताक. बॅच बी-१. निर्मिती: सकाळी. मुदत: दुपारी.' त्याच्या शेजारी सुरभी मॅडमचा आमरस आला: 'बलवर्धक. वापरण्यापूर्वी बाटली हलवावी.' मग कैरीचे पन्हे आले, गुलकंद आला, कुणाच्या मुलीच्या वाढदिवसाची चॉकलेटे 'रक्तदाबावर उपयुक्त' म्हणून आली. बाबुलालच्या लेबलावर 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' असे छापील वाक्य होते. त्यातले 'लहान मुलांच्या' त्याने खोडले आणि 'कोनाच्याच' असे लिहिले.

निलोफर तक्रार घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. सर विड्याचे पान पुसत होते. पाने बाहेर दुपारपर्यंत सुकत, म्हणून आता तीही 'पाचक' या गुणधर्माखाली कपाटात असत.

"तुझा आक्षेप रास्त आहे," सर म्हणाले. "वारंवार उघडणं बरं नाही. आपण वेळा ठरवून देऊ. अकरा, एक आणि चार."

"सर, मुळात उघडणंच—"

"पान घेशील?"

निलोफरने पान घेतले आणि ती परत आली. त्या दिवसापासून आलेखावर रोज तीन टेकड्या उमटू लागल्या, अकराची छोटी, एकची मोठी, चारची मध्यम. तापमान बत्तीस अंशांपलीकडे गेले की कपाट शिटीसारखे वाजे. आधी लोक त्या आवाजाने दचकत. पुढे पुढे शिटी झाली की डबे उघडू लागले. शेजारच्या वर्गातल्या मुलांनी शिटी झाली म्हणून तास सोडला तेव्हा बाबुलालने तिच्यात कापूस कोंबला. निलोफरने तो काढला. त्याने पुन्हा कोंबला, या वेळी जास्त. आमरसाच्या वासाने मुंग्या आल्या. बाबुलालने दाराशी हळदीची रेघ ओढली, आणि हळदीलाही लेबल हवे का, असे प्रामाणिकपणे विचारून गेला.

एका दुपारी तर सुरभी मॅडमकडे पाहुणे यायचे होते, म्हणून पेटीभर आंबे आत गेले. पेटी मावेना तेव्हा निलोफरच्या ट्यूबा एका बाजूला सारून एकावर एक रचल्या गेल्या. निलोफर आली, तिने ते पाहिले आणि ती सरळ वजनकाट्याच्या खोलीत गेली. वाऱ्याने काटा हलतो म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे कुणी येत नसे. तिथे ती मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन तिने ट्यूबा पुन्हा ओळीने लावल्या.

संध्याकाळी फोन आला. "झालं का बेटा?" निलोफरला त्या दिवशी 'होऊन राह्यलं' म्हणवेना. ती म्हणाली, "अम्मी, माहीत नाही." हजराबी मग शेजारच्या घरच्या नव्या सुनेबद्दल बोलत बसली.

महिनाअखेरीस समिती यायची होती. सहा महिन्यांचा अभ्यास तपासून 'प्रबंध सादर करा' किंवा 'पुन्हा करा' असे ती सांगणार होती. इंगोले सर आणि सुरभी मॅडम समितीवर होतेच; बाहेरचे तज्ज्ञ म्हणून डॉ. फुलसिंग राठोड येणार होते. एका विद्यार्थ्याचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी चहा थंड व्हायच्या आत निकाली काढला होता, अशी त्यांची ख्याती होती.

आदल्या दिवशी सरांनी कपाट रिकामे करवले. ताक, पन्हे, पाने, गुलकंद सगळे बाहेर निघाले, फळ्या पुसल्या गेल्या, शिटीतला कापूस निघाला. कपाट पुन्हा संशोधनाचे दिसू लागले. आलेख मात्र पुसता येत नव्हता. टेकड्यांची ती रांग टेबलावर पसरून सर बराच वेळ बसले.

"सरासरी काढली तर?" त्यांनी विचारले. "सरासरी तिसाच्या फार वर जात नाही."

"नाही जात, सर."

"मग सरासरीच दाखव. खोटं काहीच नाही त्यात."

निलोफर रात्रभर सरासरीचा विचार करत राहिली. सकाळी तिने अख्खा आलेख सोबत घेतला. ही काही मोठी तत्त्वनिष्ठा नव्हती. आपल्याला चेहरा कोरा ठेवून बोलता येत नाही, हे तिला माहीत होते.

डॉ. राठोड उंच, कोरडे आणि संथ होते. बैठकीच्या खोलीतला पंखा गरम हवा खाली ढकलत होता. त्यांनी आलेखावर बोट ठेवले.

"हे रोज अकराला काय होतं?"

"चहा, सर," निलोफर म्हणाली.

"एकला?"

"जेवण."

"आणि चारला पुन्हा चहा. रविवारी हे तीन चढ नाहीत?"

"सुट्टी असते, सर."

"हा एक दिवस दुपारपासून चढलेलाच आहे."

"त्या दिवशी सुरभी मॅडमकडे पाहुणे होते."

सुरभी मॅडमनी छताकडे पाहिले. इंगोले सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. डॉ. राठोडांनी आणखी काही न विचारता ट्यूबा मागवल्या. एक दाबली, मलम बोटांवर चोळले, हुंगले, उजेडात धरले. तपासणीचे आकडे वाचले. औषधाचे प्रमाण जवळपास जसेच्या तसे होते. मलमाने ना पाणी सोडले होते ना रंग.

"माझा जन्म पुसदकडच्या तांड्यावरचा," ते म्हणाले. "आमच्या घरावर टिनपत्रं होती. माझी याडी, म्हणजे आई, औषधाची ट्यूब चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची आणि गुडघे दुखले की दिवसातून तीनदा काढायची. तुमचं मलम अशाच घरात जाणार आहे ना?"

"हो, सर."

"मग ते याहून सुखात कुठंच राहणार नाही. यवतमाळात दिवसातून दोनदा वीज जाते. इथला सरळ रेघेसारखा आलेख कुणी दाखवला की मी आधी विजेचं बिल मागतो. हा खरा आहे. चढ-उतार कारणांसकट प्रबंधात लिहा आणि या पंधरवड्यात सादर करा."

निलोफरच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते लपवले नाही. तेवढ्यात इंगोले सर उभे राहिले.

"सर, माझं नम्र मत आहे की सहा महिने अपुरे आहेत. अभ्यास बारा महिन्यांचा करावा."

निलोफरला वाटले, आपण चुकीचे ऐकले. तिने त्यांच्याकडे पाहिले, पण सर तिच्याकडे पाहत नव्हते. ते दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहत होते. तेव्हा तिच्या लक्षात आले. तिचा अभ्यास संपला की प्राचार्यांच्या आदेशाप्रमाणे कपाट आजच बंद होणार होते, आणि उन्हाळा अजून बाकी होता.

"निदान मृग लागेपर्यंत तरी," सुरभी मॅडम म्हणाल्या. चहा घेऊन आलेला बाबुलाल हळूच बोलला, "पोरगी गुनाची हाय साहेब. घाई कायले करता?"

डॉ. राठोडांनी एकेकाकडे पाहिले. "इंगोले सर, हा अभ्यास मलमाचा आहे की मे महिन्याचा?"

 ज्या माणसाने तिला पहिल्या वर्षी तराजू धरायला शिकवले तोच आपल्याला विड्याच्या चार पानांसाठी अडवून ठेवतो आहे, याचे निलोफरला फार वाईट वाटले. राग तिला तितकासा आला नाही. राग यायलाही अंगात थोडा गारवा लागतो.

"सर," ती डॉ. राठोडांना म्हणाली, "प्राचार्यांच्या आदेशात 'कुणाचा तरी अभ्यास' असं आहे. तो माझाच पाहिजे असं नाही. लेबल लावलेलं ताक, पन्हं, गुलकंदही आत होतंच."

"मग प्रश्न मिटला," डॉ. राठोड म्हणाले. "इंगोले सर, तुमचं स्वतःचं संशोधन बऱ्याच वर्षांत वाचलं नाही. विषय घ्या एखादा. ही एवढी लेबलं लावलीत म्हणता, त्यातलं काहीही घ्या. कैरीचं पन्हं किती टिकतं, हे कुणी नीट पाहिलेलं नाही."

सर काही क्षण घुटमळले. पण पन्हे कायद्याने आत राहणार आणि कपाटही चालू राहणार, हे ध्यानात येताच त्यांचा चेहरा उजळला. ठराव तिथेच लिहिला गेला. बाबुलालने सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.

बारा-पंधरा दिवसांनी निलोफर बांधलेल्या प्रबंधाच्या प्रती घेऊन विभागात आली. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सरांची सही झाली की विद्यापीठात प्रती जमा करायच्या, पावती घ्यायची आणि दिग्रसची एसटी धरायची, असे तिने ठरवले होते. खोली रिकामी केली होती आणि पिशवी खांद्याला होती.

कपाटाला कुलूप होते. वर नवी सूचना होती, एकाच वाक्याची: 'काहीही ठेवू नये.' बाबुलाल बाजूच्या स्टुलावर बसून टॉवेलने वारा घेत होता.

"तुमचं राज बरं होतं, मॅडम," तो म्हणाला. "सर चावी खिशात घिऊन हिंडून राह्यले. मी म्हनलं, ताक हाय सर, औषध हाय. तं म्हंते, कोन म्हनलं औषध?"

केबिनमध्ये सर एका आलेखावर वाकून बसले होते. टेबलावर विड्याची पाने कडकडीत वाळून पडली होती. सर थकलेले दिसत होते.

"ये, निलोफर. हे बघ. मंगळवारी दुपारी. ही एवढीशी टेकडी दिसते तुला? कुणीतरी उघडलं आहे. मला वाटतं सुरभी मॅडमकडे दुसरी चावी आहे. मला दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही."

"लहान आहे, सर. चालून जाईल."

"लहान कशी? माझे नमुने आहेत आत." ते एकदम थांबले. त्यांनी आलेख बाजूला सारला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले. "तुझं तर आम्ही रोज तीनदा उघडत होतो. आंब्याची पेटीसुद्धा ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं सगळं. तू चिडली कशी नाहीस? एकदा ठणकावून सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं."

निलोफरने प्रती टेबलावर ठेवल्या आणि सहीचे पान उघडून त्यांच्यासमोर धरले.

"सर, मला तुमची सही हवी होती."

सरांनी वाळलेली पाने बाजूला सारली. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि एकेक प्रत ओढून घेत, वर न पाहता, सगळ्यांवर सही केली.